तोच चेहरा, तीच बाई



रेडिओत तोंड दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही आमच्याकडे पहिल्यांदा बोलायला येणारी बाई आधी पदर नीट करते, केसांवरून हात फिरवते आणि हळूच विचारते, “ताई, फोटो तर नाही ना काढणार?” कोणी म्हणते, माझे दात पुढे आहेत. कोणी म्हणते, मी काळी, माझ्या जाऊबाईला बोलवा, ती दिसायला चांगली आहे. अहो, जाऊबाई असतील चांगल्या दिसायला, पण शेळ्यांचा हिशेब तुम्ही ठेवता, लसीची तारीख तुमच्या डोक्यात असते. मग बोलायचं कोणी?

गटांच्या बैठकांतही हेच ऐकू येतं. बँकेत साहेबाला भेटायची वेळ आली की, “तू जा, तू उंच आहेस, गोरी आहेस, तुझं ऐकतील.” एका गावात अंगावर पांढरे डाग असलेली एक बाई गटाची वही इतकी चोख ठेवते की दुसऱ्या गटाच्या बायका तिच्याकडे शिकायला येतात. पण तालुक्याला प्रदर्शन भरलं की ती स्टॉलवर उभी राहत नाही. माल तिचा, पापड तिचे, विकायला दुसरी. गेल्या वर्षी गटाच्या अध्यक्षपदासाठी तिचं नाव पुढं आलं, तेव्हाही ती नाही म्हणाली. कारण तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

टीव्ही आणि मोबाइल आल्यापासूनच हे सुरू झालं, असं आपल्याला वाटतं. तेवढं खरं नाही. म्हणून आज आम्ही आपल्याच नागपूरचा जुना इतिहास काढून बसलो आहोत. बाईच्या अंगावर, रंगावर, लुगड्यावर बोट ठेवून तिला कामावरून मागं कसं सारलं गेलं आणि त्यातून काही जणी पुढं कशा आल्या, ते सांगायचं आहे.

सुरुवात जाईबाई चौधरींपासून करू. नागपूर जिल्ह्यातलं उमरेड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथं १८९२ साली एका महार कुटुंबात जाईबाईंचा जन्म झाला. चार वर्षांनी मोठा दुष्काळ पडला आणि घरदार नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी जाईबाई रेल्वे स्टेशनवर हमाली करू लागल्या. प्रवाशांची ओझी डोक्यावर घेऊन चालायचं. बाईच्या अंगाकडे लोक कोणत्या नजरेनं पाहतात, हे ओझं वाहणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. तिची मान, तिचे खांदे, तिची टाच, सगळं दुसऱ्याच्या सामानासाठी. असंच एकदा ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंचं सामान जाईबाईंनी वाहिलं. ग्रेगरीबाईंनी त्यांच्याशी बोलून पाहिलं आणि मुलगी हुशार आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या मदतीनं जाईबाई शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पगार महिना चार रुपये.

पुढचं नीट ऐका. जाईबाई वर्गात उभ्या राहून शिकवत होत्या. मुलं शिकत होती. आईबाप मुलांना शाळेत पाठवत होते. मग एक दिवस कळलं की बाई अस्पृश्य आहेत. लोकांनी मुलं काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली.

त्या एका दिवसात जाईबाईंच्या अंगात काय बदललं होतं? चेहरा तोच, लुगडं तेच, आवाज तोच, हातातला खडूही तोच. काल जी बाई वर्गात चालत होती, ती आज जवळही नको झाली. आमच्या मते आपल्या सगळ्यांसाठी यात मोठी गोष्ट आहे. कमीपणा बाईच्या अंगात नव्हता. तो बघणाऱ्याच्या डोक्यात होता आणि तिथून तिच्या अंगावर लादला गेला. साबणानं तो जाणार नव्हता आणि नव्या लुगड्यानंही जाणार नव्हता, कारण मुळात तो तिथं नव्हताच.

जाईबाईंना किती लागलं असेल, ते आपण समजू शकतो. पण त्या घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा. ज्या मुलींना दुसरीकडे वर्गाबाहेर बसावं लागे, त्या इथं पुढच्या रांगेत बसल्या. आणि समोर फळ्यापाशी उभी असलेली बाई त्यांच्याच वस्तीतली होती. त्या मुलींनी आरशात स्वतःकडे कसं पाहिलं असेल, याचा आम्ही पुष्कळ वेळा विचार करतो. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखं बोलणारी बाई मोठ्या जागी उभी पाहिली की मुलीच्या मनात काहीतरी हलतं. तुमच्या गावात पहिल्यांदा बाई सरपंच झाली तेव्हा तुम्हीही ते पाहिलं असेल.

आता थोडा वेळ नागपूरबाहेर जाऊ, कोकणात महाडला. कारण तिथं जे झालं त्याचा पुढं नागपूरच्या बायांशी संबंध येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली होती. तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खास बायांसाठी सभा घेतली आणि सरळ त्यांच्या कपड्यांवर आणि दागिन्यांवर बोलले. लुगडं अमुकच पद्धतीनं आखूड नेसायचं, गळ्यात गळसऱ्यांचे जुडगे, हातात कोपरापर्यंत चांदीचे नाहीतर कथलाचे दागिने, हे सगळं म्हणजे लांबूनच ‘ही अस्पृश्य’ असं ओळखू येण्याची खूण आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, पूर्ण नेसा, आणि ही खूण टाकून द्या. तिथं हजर असलेल्या वरच्या जातींतल्या कार्यकर्त्यांच्या घरच्या बायांनी कित्येकींना नव्या पद्धतीनं नेसायला मदत केली. दुसऱ्या दिवशी तळच्या काठापर्यंत लुगडं नेसलेल्या बाया परिषदेत बसल्या.

यावर आमच्यातच वाद झाला, तोही सांगतो. आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे शेवटी बाईनंच बदलायचं का? उच्च जातीच्या बायकांसारखं दिसलं तरच मान? शंका खोटी नाही. पण दुसरीनं तिला विचारलं, आखूड लुगडं त्या बायांनी आवडीनं निवडलं होतं का? नव्हतं. कुणी काय नेसावं, कुणी कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे गावानं ठरवलेलं होतं. ते मोडणं म्हणजे नटणं नव्हे. स्वतःच्या अंगावर स्वतःचा हक्क सांगणं होतं ते. आम्हाला दुसरीचं म्हणणं पटलं.

आणि अंगावरची खूण काही फक्त दलित बायांनाच सोसावी लागली असं नाही. ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचे केस कापून टाकत. अलवण नेसवत. तिनं चारचौघांत येऊ नये, तिच्याकडे कुणी पाहू नये म्हणून. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांची सभा घेतली आणि न्हाव्यांनी ठरवलं की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. जातीजातींतल्या जुलमाचं माप सारखं नव्हतं, पण रीत एकच होती. बाईच्या अंगावर एक खूण करायची आणि त्या खुणेनं तिची जागा ठरवायची.

परत नागपूरला येऊ. स्टेशनजवळ एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. आज त्या जागेवर मॉल आहे, तुमच्यापैकी काही जणी सरकत्या जिन्यावर चढून आल्या असतील. त्या मिलमध्ये आपल्या पणज्यांच्या वयाच्या बाया सुताच्या खात्यांत उभ्या राहून काम करायच्या. केसांत कापसाचा भुरा, अंगाला तेलाचा वास, हातांना घट्टे. गावात लोक त्यांना नावं ठेवत. घराबाहेर पुरुषांमध्ये काम करणारी बाई म्हणजे चांगल्या घरची नव्हे, असा समज होता. त्यांच्यातल्याच एक राधाबाई कांबळे. मिलमध्ये कामगार म्हणून राबणाऱ्या राधाबाई पुढं कामगारांच्या पुढारी झाल्या. १९२९ साली सरकारनं हिंदुस्थानातल्या कामगारांची हालत तपासायला रॉयल कमिशन नेमलं, त्याच्यापुढे राधाबाईंनी साक्ष दिली. साहेबांच्या टेबलासमोर बसून गिरणीत बायांचं काय होतं ते एका गिरणीवाल्या बाईनं सांगितलं. काय नेसून गेल्या असतील, कशा दिसत असतील, हे आज कोणाला आठवत नाही. साक्ष आठवते.

पण सगळंच असं चांगलं घडत गेलं असं समजू नका. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरच्या शिकलेल्या, मोठ्या घरच्या बाया आल्या होत्या. बायांच्या हक्कांची चर्चा झाली. जाईबाई चौधरीही गेल्या होत्या. तोवर पंधरा वर्षं शाळा चालवलेली बाई. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांना इतरांपासून वेगळं बसवण्यात आलं. बायांच्याच परिषदेत, बायांकडून! नागपूरच्या दलित बाया यावर गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला. आम्हाला ही सभा फार महत्त्वाची वाटते. असा अपमान झाला की बाई बहुतेक वेळा घरी येऊन स्वतःलाच तपासते. माझं काही चुकलं का, मी नीट नेसले नव्हते का, मी बोलताना अडखळले का? त्या बायांनी जाईबाईंना तसं एकटं तपासत बसू दिलं नाही. वेगळं बसवणाऱ्यांना त्यांनी जाब विचारला.

मग आलं १९४२. जुलै महिना, पावसाचे दिवस. नागपूरच्या मोहन पार्कमध्ये दलितांची मोठी परिषद भरली आणि २० जुलैला तिथंच महिलांची स्वतंत्र परिषद झाली. वीस ते पंचवीस हजार बाया आल्या होत्या. आज ट्रॅक्टर आणि गाड्या असूनही एवढ्या बाया जमवणं किती कठीण आहे, ते तुम्हाला माहीत आहे. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मुलींचं शिक्षण आणि लेकरांची संख्या मर्यादित ठेवणं, या विषयांवर त्या व्यासपीठावरून उघड बोलल्या. १९४२ साली, हजारो लोकांसमोर! लेकरं किती व्हावीत हा बाईच्या अंगाशीच जोडलेला प्रश्न आहे, पण त्यावर बाईनं तोंड उघडणं आजही काही घरांत चालत नाही.

बाबासाहेबही त्या दिवशी बोलले. समाज किती पुढं गेला हे आपण बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. स्वच्छ राहा, मुलामुलींना शिकवा, त्यांच्या मनात मोठं होण्याची इच्छा रुजवा, आणि त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. लग्नाची घाई करू नका. लग्न झालं तरी नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा. न्यूनगंड म्हणजे मी कमी आहे, मी वाईट आहे, मी कुरूप आहे, ही मनात बसलेली गाठ. हजारो बायांसमोर एवढा मोठा नेता या गाठीबद्दल बोलतो, याचाच अर्थ ही गाठ एकट्यादुकट्या बाईची नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

पण आम्हाला त्याहून जास्त महत्त्वाचे वाटतात ते परिषदेचे ठराव. नुसतं ‘मन मोठं करा’ म्हणून त्या बाया उठून गेल्या नाहीत. बायकांना घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याच्या चालीचा निषेध केला. मुलींसाठी वसतिगृहं मागितली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायांना रजा, इजा झाली तर भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मागितली. आणि एक मागणी अशी की जिथं बाया काम करतात तिथं त्यांच्यावर देखरेखीला बाईच असावी. ही मागणी का, हे पुरुष मुकादमाच्या हाताखाली राबलेल्या बाईला विचारा. कामाची तपासणी करताना तो काय काय तपासतो! कोण दिसायला बरी, कोण हसून बोलते, तिला हलकं काम. बाकीच्या उन्हात. बाई देखरेखीला असती तर कापडाकडे पाहिलं गेलं असतं, बाईच्या अंगाकडे नाही. शिवाय देखरेखीची जागा बायांसाठी ठेवली म्हणजे सुताच्या खात्यातल्या बाईला वर चढायला एक पायरी मिळते. तिथं त्या काळच्या गिरणीवाल्या बायांचं डोकं आजच्या कितीतरी अधिकाऱ्यांच्या पुढं होतं, असं आमचं मत आहे.

त्या परिषदेत नागपूरची एक विद्यार्थिनीही होती, कौसल्या नंदेश्वर. लग्नानंतरचं आडनाव बैसंत्री. तिचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. मुलींना शिकवायचंच, असा त्या मायबापांचा हट्ट. कौसल्या वरच्या जातींच्या मुलींबरोबर शाळेत बसायची, तेव्हा आपली जात कळेल ही भीती सतत मनात असे. आपले कपडे, आपलं घर, आपल्या माणसांचं दिसणं याची लाज वाटे. शाळेत जाता-येता तिची टर उडवली जायची. हे सगळं तिनं लिहून ठेवलं. पण कधी? सत्तरी ओलांडल्यावर. १९९९ साली तिचं ‘दोहरा अभिशाप’ हे हिंदी पुस्तक आलं. पोरवयातली लाज शब्दांत मांडायला किती वर्षं लागतात पाहा. तुमच्या घरातल्या आजीनं तिच्या लाजेबद्दल कधीच सांगितलं नसेल, याचा अर्थ तिला ती वाटली नाही असा नाही.

मैत्रिणींनो, आता आपल्या काळात येऊ. गोरं करणारी पहिली मोठी क्रीम आपल्या देशात १९७५ साली बाजारात आली. नंतर टीव्हीवर तिच्या जाहिरातींची गोष्ट ठरलेली असायची. सावळी मुलगी, नोकरी नाही, लग्न नाही, बाप उदास. मुलगी क्रीम लावते, गोरी होते, तिला नोकरी मिळते. एका जाहिरातीत बापाला वाटतं, मुलगा असता तर बरं झालं असतं. मग मुलगी क्रीम लावून विमानात काम मिळवते. त्या जाहिरातीविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रार केली आणि २००३ साली तिच्यावर कारवाई झाली. २०१४ साली जाहिरातवाल्यांच्या संस्थेनं नियमच केला की सावळा माणूस दुःखी, बेकार किंवा कमी दाखवायचा नाही. २०२० साली त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला. क्रीम मात्र विकली जातेच आहे.

जाईबाईंची गोष्ट आणि या जाहिरातीची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. जाहिरात सांगते, आधी रूप, मग नोकरी. जाईबाईंना, राधाबाईंना आधी काम मिळालं. कामातून बोलायचं बळ आलं, बोलताना चार जणी सोबत आल्या. रंग शेवटपर्यंत तोच राहिला.

आणि क्रीममुळे फक्त पैसे जातात असंही नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या विदर्भातल्या अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि तिच्या दोन मुली, यांच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघालं त्या लावत असलेली गोरं करणारी क्रीम. तिच्यात पारा होता. पारा कातडीतून रक्तात जातो आणि किडनीवर परिणाम करतो. ती क्रीम पार्लरमधून घेतलेली होती. म्हणून आमचं सांगणं एवढंच, डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, त्यात काय आहे याची यादी आणि परवाना क्रमांक नसेल तर ती तोंडाला लावू नका. आठवड्यात गोरी करते असं कोणी सांगत असेल तर आणखीच सावध व्हा. लावत असाल आणि अंगाला सूज, लघवीला फेस असं काही जाणवलं तर क्रीम बंद करा आणि डबी घेऊनच दवाखान्यात जा.

शरीराचा आणि नोकरीचा काहीच संबंध नसतो असं आम्ही म्हणत नाही. पोलीस भरतीत मुलींची उंची १५५ सेंटीमीटर लागते, आठशे मीटर धावावं लागतं. त्या कामाला ती ताकद लागते आणि माप आधी जाहीर केलेलं आहे. आपल्या भागातल्या कित्येक मुली पहाटे रस्त्यानं धावताना दिसतात, आणि त्यांना बघून टवाळी करणारेही दिसतात. पण गटाची वही लिहायला, बँकेत कर्ज मागायला, अंगणवाडीत शिकवायला, ग्रामसभेत उभं राहायला कोणता रंग लागतो? ज्या कामाला जे लागत नाही ते माप लावलं जात असेल, तर ते कोण लावतं आहे हे विचारायला हवं. कधीकधी आपणच लावत असतो. सून पाहायला गेल्यावर, सुईणीनं लेक हातात दिल्यावर, ‘रंग बापावर गेला वाटतं’ असं कोण म्हणतं?

पुढच्या महिन्यापासून आम्ही गावोगावच्या म्हाताऱ्या बायांचं बोलणं रेकॉर्ड करणार आहोत. गिरणीत, विडीच्या कारखान्यात, संत्र्याच्या बागेत, रोजगार हमीवर काम केलेल्या. त्यांच्या हातावर गोंदण कधी आणि का काढलं, पहिला पगार किती होता, मुकादम कसा होता, पहिल्यांदा चारचौघांत कधी बोलल्या, हे आम्हाला विचारायचं आहे. तुमच्या गटात अशी आजी असेल तर तिचं नाव वहीत लिहून ठेवा. प्रश्न तुम्हीच विचारा, आम्ही मशीन घेऊन येऊ. आणि ती फोटो काढू देत नसेल तर काढू नका, पण आवाज नक्की घ्या.